टॉमी जोच्या स्वयंपाकघरात जायचं नाही

आमच्या घरात चकल्या मी करतो. मेधाला हे चारचौघांत सांगितलेलं आवडत नाही, कारण मग सगळ्या बायका तिच्याकडे बघून हसतात, पण खरं ते खरं. भाजणी पुण्याहून येते, लोणी इथलं असतं, आणि आयरिश लोण्याचं मोहन घातलेली चकली ज्याने खाल्ली नाही त्याने माझ्याशी चकलीबद्दल वाद घालू नये. दर दिवाळीला फराळाचा पहिला डबा शेजारच्या टॉमी जोकडे जातो. स्टीलचा डबा आहे, झाकणावर माझ्या आईचं नाव कोरलेलं. पहिल्याच वर्षी मी टॉमी जोला सांगून ठेवलं होतं की आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. त्याने ते फारच मनावर घेतलं. तेव्हापासून डब्यातून कधी त्याच्या बायकोने, ब्रीडाने केलेला ॲपल टार्ट येतो, कधी कोंबड्यांची अंडी, आणि एकदा तर डब्यात मावेनात म्हणून बटाट्यांचं अख्खं पोतं आलं होतं.

आम्ही राहतो ते किलतावनी गॉलवेपासून गाडीने अर्ध्या तासावर. मी गॉलवेत वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. म्हणजे दिवसभर लोकांना ‘हे चालणार नाही’ असं सांगायचा मला पगार मिळतो, आणि मेधाच्या मते ते काम मी घरी फुकट करतो. किलतावनीत एक चर्च, एक दुकान, एक पब आणि हर्लिंगचं एक मैदान आहे. मैदान सोडून बाकी काही बंद पडलं तर लोक थोडे दिवस हळहळतील आणि विसरतील.

हर्लिंग म्हणजे ॲशच्या लाकडाची चपटी काठी घेऊन पंधरा-पंधरा माणसांनी एका कडक चेंडूमागे जीव खाऊन धावायचं. यात कोणाला छदामही मिळत नाही, खेळाडूंना नाही आणि मॅनेजरलाही नाही. क्लब बदलायचीही सोय जवळजवळ नाहीच. ज्या गावात वाढलात त्या गावाकडूनच गुडघे साथ देतील तोवर खेळायचं. नोकरी पटली नाही तर माणूस राजीनामा टाकतो. इथे ज्याच्याशी भांडलात तोच दुसऱ्या दिवशी दुकानात दुधाची बाटली घेऊन तुमच्या पुढे उभा असतो.

टॉमी जो गुरं पाळतो आणि गेली काही वर्षं गावाच्या मोठ्या संघाचा मॅनेजर आहे. आमच्या अथर्वला या खेळात त्यानेच ओढलं. आम्ही इथे आलो तेव्हा अथर्व सहा वर्षांचा होता आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. टॉमी जोने एक दिवस त्याच्या हातात काठी दिली आणि म्हणाला, “हिच्याशी शेकहँड कर.” तो शेकहँड अजून सुटलेला नाही. अथर्व आता बावीस वर्षांचा आहे, गॉलवेच्या विद्यापीठात शिकतो आणि संघाचा दुसरा गोलकीपर आहे. दुसरा म्हणजे बाकावर बसणारा. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तरं तो किलतावनीच्या इंग्रजीत देतो, ती इथे बहुतेक मराठीतच लिहितो आहे.

यंदा उपांत्यपूर्व सामना झाल्यावर संघाचं मॅनेजरशी भांडण जुंपलं. हरल्यावर भांडतात ते मी समजू शकतो, ही मंडळी जिंकून भांडली. कारण तसं जुनंच होतं. संघातली निम्मी मुलं डब्लिनला नोकरी करतात, सँडीफोर्डसारख्या ठिकाणी ऑफिसात बसतात, आणि सरावासाठी आठवड्यातून दोनदा सगळा देश ओलांडून गाडी हाकत येतात. टॉमी जोचा नियम असा की उशीर झाला तर खेळायचं नाही, मैदानाला फेऱ्या मारायच्या. कप्तान कॅहल मोटरवेवरच्या अपघातामुळे एकदा अडकला, तर त्यालाही फेऱ्या मारायला लावल्या, आणि वर सामन्याचा पहिला अर्धा भाग बाकावर बसवलं. सराव म्हणाल तर टॉमी जो स्वतः तरुणपणी करायचा तोच. सामना कसाबसा जिंकला. मग सगळे खेळाडू जमले आणि त्यांनी क्लबला कळवलं, सराव घ्यायला बाहेरचा प्रशिक्षक आणा, नाहीतर आम्ही टॉमी जोच्या हाताखाली खेळणार नाही. टॉमी जो म्हणाला, माझ्या पद्धतीने खेळायचं तर खेळा. उपांत्य सामना तोंडावर आला होता आणि मैदानात चिटपाखरू नव्हतं.

मी अर्थातच टॉमी जोच्या बाजूचा. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर रोज त्यावरून जुंपायची.

“उशिरा येणाऱ्याला जाब विचारायचा नाही, तर मॅनेजर कशाला ठेवायचा?” मी म्हणायचो.

“डॅड, हा तुझा कारखाना नाही,” अथर्व म्हणायचा. “इथे कोणी पगार घेत नाही.”

“तोही घेत नाही! फुकट राबतो बिचारा.”

“म्हणून त्याला काही म्हणायचंच नाही का?”

मेधा म्हणायची, “तुम्ही दोघं आधी आमटी संपवा.”

खेळाडूंनी आपसांत आणखी एक नियम केला होता, आणि तो ऐकून मला हसू आलं होतं. टॉमी जोच्या स्वयंपाकघरात कोणी जायचं नाही. झालं होतं असं की आजवर कोणी कुरकुर केली की टॉमी जो त्याला एकट्याला घरी बोलवायचा. ब्रीडा चहा आणि हॅम सँडविच समोर ठेवायची. टॉमी जो गुरांबद्दल बोलायचा, त्या मुलाच्या आजोबांच्या खेळाबद्दल बोलायचा, आणि घटकाभराने तो मुलगा सगळं कबूल करून बाहेर यायचा. कप्तान कॅहल स्वतः दोनदा असा विरघळला होता. म्हणून यंदा ठरलं, जे काही बोलायचं ते कॅहल बोलेल, आणि मैदानात बोलेल. स्वयंपाकघराची पायरी कोणी चढायची नाही. जो चढेल तो फुटला.

मला हे माहीत होतं. पण माझ्या डोक्यात तो नियम संपाचा होता आणि डबा दिवाळीचा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी डबा भरला. चकल्या, शंकरपाळे, चिवडा, वर बेसनाचे लाडू. नेहमीसारखा अथर्वच्या हातात ठेवला. त्याने तो ओट्यावर परत ठेवला.

“डॅड, या वर्षी तू जा ना.”

“का? तुझ्या पायाला काय झालं?”

“तुला माहितेय का. आय काण्ट.”

मग मी चिडलो. मला राग यायला फार वेळ लागत नाही. “फराळ आहे तो! पंधरा वर्षं तू नेतोस. ज्या माणसाने तुला हातात काठी धरायला शिकवलं, त्याच्या घरी वर्षाच्या सणाला लाडू न्यायचा नाही म्हणून तुझ्या संघाने सांगितलंय का? तसं असेल तर तुझा संघ गेला खड्ड्यात!” असं बरंच काही बोललो. मेधा “अहो, पुरे” म्हणत होती, तिच्याकडेही लक्ष दिलं नाही.

अथर्वने माझ्याकडे बघितलं, डबा उचलला आणि गेला. दारातून देऊन दोन मिनिटांत येईल असं मला वाटलं होतं. तो बऱ्याच वेळाने आला आणि सरळ वर खोलीत गेला. मी जिन्यातून हाक मारून विचारलं, “आवडल्या का चकल्या?” तो म्हणाला, “ग्रँड.” इथे ‘छान’पासून ‘ठीक आहे, पुरे आता’पर्यंत सगळ्याला ग्रँडच म्हणतात.

किलतावनीत एकच रस्ता आहे आणि टॉमी जोचं स्वयंपाकघर त्या रस्त्याकडे तोंड करून आहे. संध्याकाळी पूजा आटोपली तोवर संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून अथर्वला काढलेलं होतं. संध्याकाळभर माझा मुलगा पणत्यांच्या उजेडात फोन उलटा ठेवून बसला होता. काय झालं ते मला मेधाने उलगडून सांगितलं. पहिला गोलकीपर संपात, आणि दुसरा गोलकीपर मॅनेजरच्या स्वयंपाकघरात चहा पिताना दिसला. यातून गावाने काय समजायचं ते समजलं होतं. पोराने जर्सीसाठी संघ विकला.

“मग त्याने सांगावं ना, की मी फराळ घेऊन गेलो होतो!” मी म्हणालो.

“सांगितलं त्याने,” मेधा म्हणाली. “त्यावर कोणीतरी विचारलं, मग लाडू द्यायला इतका वेळ कसा लागला? त्याचं उत्तर तो देत नाही. मलाही देत नाही.”

या मुलाचे सगळे मित्र त्या संघात आहेत. शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभं राहणारं ते पोर मला दिसायला लागलं. त्याला तिथून ज्याने काढलं त्याच्याच घरी पाठवून मी त्याला परत भिंतीशी उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅहलला गाठलं. तो डब्लिनहून आईवडिलांकडे आला होता आणि अंगणात गाडी धूत होता. मी त्याला दिवाळी समजावून सांगितली, फराळ समजावला, डब्याची प्रथा सांगितली, चूक माझी आहे हेही सांगितलं. तो पाण्याचा पाइप बंद करून सगळं नीट ऐकत उभा राहिला. मुलगा सभ्य आहे, त्यात काही प्रश्न नाही.

“यू आर ग्रँड, सॅटीश,” तो म्हणाला. “तुम्ही कशाला मनाला लावून घेता? काहीच झालेलं नाही.”

इतकी वर्षं इथे काढल्यावर मला एवढं कळतं. आयरिश माणूस ‘काहीच झालेलं नाही’ म्हणाला की बरंच काही झालेलं असतं. मी विचारलं, “मग त्याला ग्रुपमध्ये परत घ्याल?”

त्याने बादलीतलं फडकं काढून पिळलं. “तो आत काय बोलला ते त्याने सांगावं. एवढंच आमचं म्हणणं आहे.”

घरी येऊन मी अथर्वच्या खोलीचं दार वाजवलं. तो पलंगावर बसून काठीच्या मुठीची पट्टी सोडवून नव्याने गुंडाळत होता. मी आवाज खाली ठेवून विचारलं, “आत काय झालं?”

“चहा घेतला.”

“आणि?”

“डॅड, प्लीज,” तो म्हणाला, आणि पट्टी ओढत राहिला. मी खाली आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला टॉमी जोचा राग आला. पोराला दारातूनच परत पाठवायचं एवढं त्याला कळू नये?

डबाही परत आला नाही. एरवी आठवड्याच्या आत यायचा. कुंपणापलीकडे टॉमी जो गुरांना चारा टाकताना दिसायचा, हात वर करायचा आणि आत जायचा.

शेवटी क्लबच्या अध्यक्षांनी दोन्ही बाजूंना मैदानावरच्या चेंजिंग रूममध्ये बोलावलं. त्याच सकाळी टॉमी जोचा मला फोन आला. “सॅटीश, तूही ये. तुझा डबा माझ्याकडे आहे.” मी म्हणालो, डबा काय कुठे पळून जातोय का? तो म्हणाला, “ये तर खरा. पोरालाही घेऊन ये.” अथर्व यायला तयार नव्हता. मेधाने त्याच्या हातात जाकीट दिलं आणि म्हणाली, “तू काही चुकीचं केलं असशील तर बसून राहा. नसेल केलं तर जा.” तो उठला.

चेंजिंग रूममध्ये ओल्या गवताचा आणि वेदनाशामक मलमाचा वास होता. खेळाडू भिंतीलगतच्या बाकांवर बसले होते. अथर्वला कोणी काही बोललं नाही, नुसतं सरकून जागा दिली, जरा जास्तच सरकून. मी दाराशी उभा राहिलो. टॉमी जो आला तो चर्चचे कपडे घालून आणि काखेत माझ्या आईच्या नावाचा डबा घेऊन.

अध्यक्ष काही बोलायच्या आत त्याने डबा मधल्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि डबा उलटा करून सगळ्यांना दाखवला. घासून पुसून लख्ख केलेला, पूर्ण रिकामा.

“यांच्यात हा डबा रिकामा परत करत नाहीत,” तो म्हणाला. “सॅटीशने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि आजवर मी एकदाही केला नाही. आज रिकामा देतोय, तेही तुमच्यासमोर, म्हणजे या पोराला मी काही दिलं असं कोणी म्हणायला नको.”

टॉमी जो कॅहलकडे वळला.

“पोरगा दारातूनच परत जात होता. मी त्याचा हात धरून त्याला आत बसवलं. ब्रीडाने चहा केला. मग मी त्याला म्हणालो, एक नंबरची जर्सी तुझी. उपांत्य सामन्यात तू गोलमध्ये उभा राहशील, आणि यापुढेही तूच. फक्त दोन-चार पोरांना घेऊन सरावाला ये, बाकीचे मागून येतील. लहानपणापासून त्याला ती जर्सी हवी आहे हे मला माहीत नाही तर कोणाला असणार?”

म्हातारा माणूस, बोलायची सवय मैदानावर ओरडण्याची. हळू बोलणं त्याला जड जात होतं.

“तो म्हणाला, टॉमी जो, तुझ्यासाठी खेळायला मला आवडेल, पण ते तू कॅहलला विचार. एवढंच बोलला. मी परत परत विचारलं आणि तो परत परत तेच म्हणाला. निघताना मी त्याला म्हणालो, मी असं विचारलं हे कोणाला सांगू नकोस, माझी लाज जाईल. त्याने मान हलवली. तुम्ही त्याला ग्रुपमधून काढलंत हे मला ब्रीडाने दुकानातून ऐकून सांगितलं. मला वाटलं आता हा सांगेल. एका वाक्याचं तर काम होतं. मी रोज वाट बघत होतो आणि त्याने आपल्या बापालाही सांगितलं नाही.”

मी अथर्वकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मला डोळे पुसावे लागले. आणि त्याच वेळी मला आठवलं, याच मुलाला मी ओट्यापाशी कृतघ्न म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

“तर स्वयंपाकघराबद्दल तुमचं म्हणणं बरोबर होतं,” टॉमी जो म्हणाला. “बाहेरचा प्रशिक्षक आणा. मी हवा असेन तर काठ्या उचलीन. नको असेन तर तेही ग्रँड.” त्याने झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला आणि टोपी शोधायला लागला. टोपी त्याच्या खिशातच होती.

कॅहल उठला. मला वाटलं आता मोठं भाषण होणार, पण ही माणसं भाषणं करत नाहीत. तो आधी अथर्वपाशी गेला आणि त्याच्या शेजारी, अगदी खेटून बसला. मग म्हणाला, “टॉमी जो, मंगळवारी सराव आहे. नवीन माणूस येईल. तूही ये.” आणि वर म्हणाला, “आणि उशीर केलास तर फेऱ्या मारायला लागतील.” तेव्हा कुठे खोलीत कोणीतरी हसलं.

त्यानंतर जे झालं त्यात फार सांगण्यासारखं नाही. उपांत्य सामना आम्ही एका गुणाने हरलो. गोलमध्ये पहिलाच गोलकीपर होता आणि तो चांगला खेळला. अथर्व बाकावर बसला होता. त्याच्या शेजारी टॉमी जो, मांडीवर जास्तीच्या काठ्या घेऊन. काठी तुटली की धावत जाऊन नवी द्यायचा, धावणं कसलं, लगबगीने चालणं. मी कुंपणाशी उभा राहून पंचाच्या नावाने जे ओरडलो ते मेधाने लिहू नका म्हणून बजावलंय.

त्या मंगळवारनंतर अथर्व ग्रुपमध्ये परत आला होता, बोलणं-चालणं सगळं पूर्वीसारखं सुरू झालं होतं. पण टॉमी जोच्या घरी कोणी जात नव्हतं. नियम मोडला असं कोणी म्हटलं नव्हतं आणि पाळायचा असंही नाही. त्याच्या स्वयंपाकघरात दिवा असायचा, बाहेर गाडी नसायची. इतकी वर्षं त्या घरासमोर कायम एखादी गाडी उभी दिसायची. बघून मला वाईट वाटायचं, आणि एकदा मीच डबा भरून न्यायला निघालो होतो. मेधाने अडवलं. म्हणाली, “या वेळी तुम्ही मध्ये पडू नका.”

सामन्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी पेपर वाचत होतो. अथर्वने कपाट उघडलं आणि तो डबा काढला.

“डॅड, चकल्या उरल्यात?”

“थोड्या आहेत. जरा मऊ पडल्या असतील.”

“चालतील.” त्याने स्वतःच चकल्या भरल्या, उरलेले शंकरपाळे भरले, झाकण लावलं.

“कुठे निघालास?” मी विचारलं, माहीत असूनही.

“टॉमी जोकडे.”

“अरे, पण कोणी बघितलं तर?” हे मी बोललो. मी, ज्याने त्याला ओरडून पाठवलं होतं.

“बघू दे,” तो म्हणाला. “कॅहल बाहेर गाडीत बसलाय. तो म्हणाला, एकट्याने आत जायला त्याला जरा कसंतरी वाटतंय.”